आधी हाताला तेल

मेलत्तिडल, तिरुवैयारूजवळ
वैकासी महिना, शुक्रवार

चि. पूंगोदैला आशीर्वाद.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि वरती पहिलाच शब्द 'अत्तै'. म्हणजे तुला सासू आहे हे कोइंबतूरला जाऊनही तू विसरली नाहीस म्हणायची. पोस्टमन दारात उभं राहून विचारत होता, 'कुणाचं पत्र, अम्मा?' मी म्हटलं, 'सरकारचं.' त्याला काय सांगायचं?

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला असा की केळफूल साफ कसं करायचं, कारण तंगवेलूला केळफुलाचे वडे आवडतात आणि तू केलेले कडूजहर झाले. दुसरा असा की आवणी महिन्यात तुझं त्याच्याशी लग्न आहे, आणि भाऊ म्हणतो, विधवा बहिणीनं पुन्हा गळ्यात लग्नाची ताली बांधून घेतली तर तिनं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. आई तर तुला लहानपणापासूनच नाही. तेव्हा 'अत्तै, तुम्ही येऊन माझ्यामागे उभ्या राहाल का?'

पहिल्याचं उत्तर देते.

आधी हाताला तेल. तिळाचं. मनगटापर्यंत चोळायचं. तू हे विसरली असणार, कारण तू नेहमीच विसरायचीस. नवी नवरी होऊन आलीस त्याच आठवड्यात, तळहातावर मेंदी ताजी असताना, माझ्यावर छाप पाडायला म्हणून तू कोरड्या हातांनी फूल सोलायला बसलीस. चिकानं मेंदीची पार काजळी झाली. इळंगो दारातून ओरडला, 'अम्मा, सून आणलीस की कोळशाची वखार?' मी त्याला पळी फेकून मारली. पळी लागली नाही. त्याला माझं काहीच कधी लागलं नाही.

फूल घेताना मुठीत दाबून बघ. घट्ट असेल तेच घे. पूवन केळीचं सगळ्यांत चांगलं. तुमच्या बाजारात काय मिळतं मला ठाऊक नाही. तिथे म्हणे सगळंच मिळतं. वरच्या दोनतीन जून पाकळ्या टाकून दे. मग एकेक लाल पाकळी मागे ओढायची, तिच्याखालची फुलांची ओळ अलगद उपटायची आणि शेजारी ठेवायची. पातेल्यात पाणी आणि त्यात डावभर ताक आधीच करून ठेव, म्हणजे चिरलेलं काळं पडत नाही.

दुपारी फूल सोलायला बसले की माझं काय होतं कोण जाणे. हात आपापले चालतात आणि मी निघून जाते. पंख्याचा वारा, बागेतला ओला वास, डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडे नाहीत. काल समोर तू बसलेली दिसलीस. जुन्या हिरव्या साडीत. मी विचारलं, 'पाण्यात ताक घातलंस का गं?' तर शेजारून अंजलै म्हणाली, 'कुणाशी बोलतेयस, तैयलनायकी? मी इथे बसलेय.' शेजारीण म्हणून रोज येते आणि माझ्या डोळ्यांत बघत बसते, दुसरा उद्योग नाही.

लग्नाचं म्हणशील तर आवणीत इथे भाताच्या लावणीची घाई असते.

हे वाक्य अंजलैनं मागून वाचलं. म्हणाली, 'तुझी कसली लावणी? तुझी तर सगळी केळी आहेत.' तिला मी सोललेल्या पाकळ्या बाहेर टाकायला पाठवलं. आणि विधवेनं मांडवात पुढे यायचं नसतं, हे तुलाही माहीत आहे.

तुझी अत्तै


आनी महिना, बुधवार

पूंगोदै,

कालव्याला पाणी आलं. पहिल्या पाण्याचा रंग तुला माहीत आहे, चहासारखा. बागेत पाट सोडले आहेत आणि आपला गडी कलियमूर्ती दिवसभर खांद्यावर फावडं टाकून मालकासारखा फिरतो. बागेचा मालक तोच, मी आपली कागदावरची, असं त्याचं मत आहे.

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू लिहितेस की तेल लावलं, ताक घातलं, तरी वडे कडू. आणि तंगवेलूनं ते सगळे खाल्ले आणि वर 'अजून आहेत का' म्हणून विचारलं. खोटारडा दिसतो. बरा आहे.

कडू होणारच, मुली. तू चोर काढले नाहीस. तुझ्या माहेरी शहरात केळफूल कधी शिजलं नाही आणि इथे होतीस तोवर चोर मी काढायचे, तू गप्पा मारायचीस. प्रत्येक फुलाच्या मधोमध एक ताठ काडी असते, टोकाला टाचणीसारखी गोल. तोच चोर. कितीही शिजव, तो शिजत नाही. दाताखाली येतो आणि घास कडू करतो. त्याच्याजवळच एक पातळ, काचेसारखा पापुद्रा असतो, तोही काढायचा. फुलांची अख्खी ओळ तळहातावर घे, टोकं दुसऱ्या हातानं चोळ. फुलं उघडतात आणि चोर माना वर काढतात. मग चिमटीत धरून ओढायचे. घाई करू नकोस. घाईनं अर्धी काडी आत राहते.

तुझ्या नव्या पत्रातही तो दुसरा प्रश्न आहेच. मी लिहिलं होतं की विधवेनं मांडवात पुढे यायचं नसतं. त्यावर तू लिहितेस, 'अत्तै, मग नवरीनं काय करायचं? तीही विधवाच आहे.' हे मी अंजलैला वाचून दाखवायला नको होतं. ती इतकी हसली की ताकाचं पातेलं लवंडलं. 'या पोरीला उत्तर दे बघू,' म्हणाली. मी म्हटलं, उत्तर देईन, आधी ताक दे.

बागेची खबर. विहिरीजवळच्या दोन पूवन एकाच सुमाराला निसवल्या. दोघींची केळफुलं एकदमच बाहेर आली, जुळ्या बहिणी जशा. चांगल्या उंच आहेत. कलियमूर्तीला सांगून ठेवलं, यांची फुलं मला विचारल्याशिवाय कापायची नाहीत. 'का?' म्हणे. 'घडाच्या सगळ्या फण्या बाहेर आल्या की फूल कापायलाच पाहिजे, नाहीतर केळं भरत नाही.' मला त्यानं केळीची शेती शिकवावी! मी म्हटलं, 'यांना उशिरा उमलायची खोड आहे. थांब.' तो डोकं खाजवत गेला.

आणि धुण्याच्या दगडाजवळची केळही निसवली आहे. तुला ती आठवत असेलच. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या आडीत इळंगोनं पिल्लू लावलं होतं, तुझ्या आंघोळीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून. ती कधीच गेली. ही तिच्या पिल्लाचं पिल्लू. रस्तालीची जात, ठेंगणी आणि हट्टी. तिचं फूल मी कापू देत नाही. घडही उतरवू देत नाही. पिकतो आणि वटवाघळं खातात. कलियमूर्ती दर वर्षी चिडतो. चिडू दे. त्या केळीला मी कुणाचा हात लागू देणार नाही.

अत्तै


आडी महिना, आडिपेरुक्कूचा दिवस

पूंगोदै,

आज नदीच्या पुराच्या सणाला सगळं गाव काठावर लोटलं होतं. कावेरी काठोकाठ. पोरीसोरी, नव्या सुना, डब्यांतून चिंचभात, दहीभात, आणि पायऱ्यांवर चालायला जागा नाही. सवाष्णी पाण्यात उतरून तालीचा पिवळा दोरा बदलत होत्या. मी वरच्या पायरीवर बसले, जिथे आपण दोघी त्या एका वर्षी बसलो होतो. त्या वर्षी तू विचारलं होतंस, 'अत्तै, आपण नदीला काय द्यायचं?' मी काहीतरी रागावून बोलले होते. आज मी केळफुलाच्या लाल पाकळ्या पदरात नेल्या होत्या. एकेक सोडली. होडीसारख्या डुलत गेल्या. शेजारी एक लहान पोर होती, ती मला आजी करून म्हणाली, 'पाटी, मला पण एक दे.' तिलाही दिली.

घरी येऊन जेवले नाही. चटईवर पडले आणि स्वप्न पडलं.

इळंगो धुण्याच्या दगडावर बसला होता. पाय पाण्यात. मांडीवर सूप, सुपात केळफुलाच्या कळ्या. चोर काढत होता, अगदी माझ्यासारखे, चोळून, चिमटीत धरून, आणि काढलेले दगडावर ओळीनं मांडून ठेवत होता. सगळीकडे पाण्यातून येतो तसा उजेड होता. मी म्हटलं, 'अरे, तुला हे कधी जमलं नाही. शेंग सोलायला दिली तर दाणे खाऊन टाकायचास.' तो म्हणाला, 'आता वेळ आहे, अम्मा.' मग वर बघून विचारलं, 'कडू झाले होते म्हणे?' मी म्हटलं, 'हो. चोर ठेवले होते तिनं.' तो हसला. त्याच्या हाताला तेल होतं, पूंगोदै. चकाकत होतं.

जागी झाले तेव्हा उशीला तिळाच्या तेलाचा वास होता. सकाळी मीच लावलं होतं, केसांना. तरी बराच वेळ उठले नाही.

तुला एक सांगते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. खोटं कशाला लिहू? मी फार रागावले. त्याची आठवण ठेवायला आपण दोघीच होतो. तू पुन्हा लग्न करणार म्हणजे त्या कामावर मी एकटीच उरणार, असं मला वाटलं. माणूस एकटा किती आठवेल? त्याचा आवाज मला आता नीट आठवत नाही. पण स्वप्नात बरोबर होता, तोच आवाज. आणि तो तुझ्या वड्यांची चौकशी करत होता.

आतल्या पाकळ्या फिकट होत जातात. लाल, मग गुलाबी, मग दुधी. तिथल्या कळ्या कोवळ्या असतात, त्यांचे चोर काढायची गरज नाही. अगदी शेवटी बोटाएवढा पांढरा गाभा उरतो. तो शिजवायचा नाही, कच्चा खायचा. इळंगो तो तुला द्यायचा, मला माहीत आहे. तुम्हांला वाटायचं, चुलीपाशी पाठ करून बसलेल्या बाईला दिसत नाही.

तंगवेलूविषयी तू फार थोडं लिहितेस. टाइपरायटिंग शिकवतो म्हणजे दिवसभर करतो काय? आवाज चढवतो का? पान वाढल्यावर आधी कशाला हात घालतो?

अत्तै


आडी महिना, अमावास्येनंतरचा सोमवार

पूंगोदै,

आज घात झाला.

सकाळी अंगणात कलियमूर्ती उभा. हातात मोठं, टपोरं केळफूल, देठातून चीक गळतोय. चेहऱ्यावर हे एवढं हसू. 'अम्मा, विहिरीजवळच्या त्या दोन राहूनच गेल्या होत्या. तुम्ही विसरलात, पण मी विसरेन होय? हे घ्या, एकीचं कापलं. दुसरीचं कापून आणतो.'

मी ओरडले. कशी ओरडले मला माहीत नाही. अंजलै भांडी टाकून धावत आली, तिचा नवरा आला, समोरच्या रस्त्यानं सायकलवरून जाणारा कुणीतरी उतरला. मी म्हणत होते, 'हात लावू नकोस! लग्नाच्या आहेत त्या! लग्नाच्या!'

झालं. जे मी तुलाही लिहिलं नव्हतं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

अंजलै कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. 'म्हणजे आनी महिन्यापासून तू लग्नदारात बांधायच्या केळी राखतेयस? घड आणि फुलासकट? आणि आम्हांला सांगतेस फूल उशिरा उमलतंय! तैयलनायकी, ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड मेल्यावर तरी जाईल का?'

मी म्हटलं, 'मी काही जायचं ठरवलं नव्हतं. नुसत्या पाठवणार होते. लॉरीतून.'

'हो, हो. नुसत्याच.'

कलियमूर्ती बिचारा चिरगुटासारखा उभा. हातातलं फूल कुठे ठेवावं त्याला कळेना. 'अम्मा, एकदा सांगायचं तरी,' इतकंच म्हणाला. त्याचं चुकलं नाही. फूल वेळेवर कापलं नाही तर घड पोसत नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं आणि त्याच्या बापाला माझ्या सासऱ्यांनी. सांगायला मला तोंड उघडावं लागलं असतं.

आता एकच उरली. एक केळ दारात बांधायची रीत नाही. लग्नाला जोडी लागते, आणि फुलाशिवायचा घड मयताच्या दारात बांधतात हे तुला सांगायला नको. अंजलै म्हणाली, 'कोइंबतूरच्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतील. पोरगी विकत घेईल.' मी म्हटलं, विकतच्या केळी विकतच्या लग्नाला. मग आम्ही सगळी बाग पालथी घातली. ज्यांचे घड तयार, त्यांची फुलं कापलेली. ज्यांची फुलं आहेत, त्यांचे घड अजून बाळमुठीएवढे. शेजारच्या बागेत गेलो, पलीकडच्या मळ्यात गेलो. उन्हानं माझे पाय भाजले. गावात बायका कुजबुजायला लागल्या होत्या. देवळाजवळ एकीनं ऐकू येईल अशा बेतानं म्हटलं, 'मुलाचं श्राद्ध घालायचं आणि सुनेच्या लग्नाला केळी शोधायच्या, नवलच आहे.' मी पुढे चालायला लागले. अंजलै बोलली. काय बोलली ते पत्रात लिहिता येत नाही.

घामानं निथळत घरी आलो, पाय धुवायला मागे गेलो, आणि अंजलै धुण्याच्या दगडापाशी थांबली. वर बघत राहिली. मीही बघितलं. घड भरलेला, फूल लालबुंद, खाली वाकलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी म्हटलं, 'नाही.'

कलियमूर्ती बोलला. तो खाली बसून बुंधा चाचपत होता. 'अम्मा, ही तशीही पडणार. घड धरलेली केळ कापली नाही तर आपणहून कोसळते. दर वर्षी तुम्ही इथली केळ टेकू देऊन उभी ठेवता. या वर्षी पिल्लू या बाजूला आलंय. पडली तर त्याच्यावरच पडेल.'

मी वाकून बघितलं. खरंच पिल्लू होतं. गुंडाळलेलं एकच पान.

दुपारभर ते कापलेलं फूल सोलत बसले. तेल लावायची विसरले. हे पत्र लिहिताना बोटं कागदाला चिकटताहेत, डाग पडले आहेत, माफ कर. साबण लावला, चिंच लावली, जात नाही.

तुझ्या वड्यांसाठी पुढचं लिहून ठेवते, नाहीतर तेही राहील. साफ केलेल्या कळ्या विळीवर बारीक चिर आणि लगेच ताकाच्या पाण्यात टाक. रवीच्या दांड्यानं ते पाणी गोल ढवळ, म्हणजे सगळे धागे दांड्याला गुंडाळून येतात. मग घट्ट पिळून घे. तुरीची आणि चण्याची डाळ भिजवून, लाल मिरच्या आणि हिंग घालून भरड वाट. गुळगुळीत वाटलीस तर वडे दगड होतील. डाळ आणि फूल हातानं मळ, चपटे थाप, मंद आचेवर तळ.

आज मी तेच केले. अंजलैनं चार खाल्ले. कलियमूर्ती दारातच बसला, आत येईना. त्याच्या पानावर नेऊन वाढले. मी एक खाल्ला. कडू नव्हता.

अत्तै


आवणी महिना, लग्नाच्या आदल्या दिवशीची सकाळ

चि. सौ. पूंगोदै,

(सौ. एक दिवस आधी लिहिलं. चालेल.)

हे पत्र टाकायला पोस्टात कुणाला पाठवत नाही. ब्लाउजमध्ये ठेवते आहे. तुला हातात देईन, किंवा देणार नाही, बघू.

केळी आज पहाटे कापल्या. विहिरीजवळची उंच पूवन कलियमूर्तीनं कापली. धुण्याच्या दगडाजवळची मी म्हटलं मी कापते. कोयता जड लागला. पहिला घाव नुसता घसरला. दुसऱ्या घावाला पाणी उडालं, थंडगार, तोंडावर, छातीवर. केळीत इतकं पाणी असतं हे मला जन्मभर माहीत आहे आणि तरी मी दचकले. अंजलै घड धरून उभी होती, कलियमूर्ती बुंधा. पिल्लावर एक पानसुद्धा पडू दिलं नाही त्यानं. कापून झाल्यावर तिथे एकदम आभाळ दिसायला लागलं. दगडावर ऊन आलं. तिथे इतकं ऊन येतं हे मी विसरलेच होते.

जोडी विजोड आहे. एक ताडमाड, एक ठेंगणी. दारात उभ्या केल्यावर लोक हसतील. हसू देत. ठेंगणी उजव्या बाजूला बांधायची, तंगवेलूला आत्ताच सांगून ठेव.

केळीच्या व्यापाऱ्याची लॉरी थोड्या वेळात निघेल, कोइंबतूरच्या बाजाराला. दोन्ही खांब मागे घडांवर आडवे टाकले आहेत, ओल्या गोणपाटात. ड्रायव्हर बघून म्हणाला, 'अम्मा, खांब पोचतील, पण फुलांची खात्री नाही. रस्ता खराब आहे. उंच केळीचं फूल दोरीनं घडाला बांधता येईल. या बुटकीचा देठ फार नाजूक आहे, हिसक्यानं तुटेल. कुणीतरी सोबत बसून मांडीवर धरलं पाहिजे.'

अंजलै म्हणाली, 'ऐकलंस? कुणीतरी.'

मी म्हटलं, 'ऐकलं. मी बहिरी नाही.'

तर असं आहे. फुलासाठी यावं लागतंय. मागे गोणपाटावर माझी जागा केली आहे. कलियमूर्ती छत्री देतोय. अंजलै माझी निळी, जरीच्या काठाची साडी घेऊन उभी आहे, म्हणते, पांढरी नेसून नवरीच्या मागे उभी राहिलीस तर याद राख.

इळंगोला तंजावूरच्या इस्पितळात नेलं तेव्हा हीच लॉरी होती. तू मागे बसली होतीस, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मला घरी थांबवलं होतं, रडारड नको म्हणून. सगळ्या रस्ताभर खड्डा आला की तू त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरत होतीस, असं ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. तेवढ्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. आज माझी पाळी. मला धरता येईल ना? मी ते फूल आत्ता मांडीवर घेऊनच लिहिते आहे. थंड आहे, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड.

लग्न लागलं की दारातली दोन्ही फुलं उतरवू आणि तुझ्या चुलीवर शिजवू. चोर मी काढते, तू समोर बसून गप्पा मार. आतला पांढरा गाभा तंगवेलूला दे.

ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. पूंगोदै, मेंदी लावली असशील. मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. तेल मी आणते आहे.

तुझी अत्तै